उल्मरच्या संस्थापकाची विधवा

गावाला भविष्य हवं असेल तर आधी भूतकाळ असावा लागतो. भविष्य आगगाडीने येतं. भूतकाळ मात्र जागेवरच तयार करावा लागतो. नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला वसलेल्या आमच्या उल्मर गावाने हे काम तीन माणसांत आणि नऊ दिवसांत उरकलं, आणि त्याला फारशी भेग पडलेली नाही.

गावाला यंदा, म्हणजे १९०४ साली, पंचवीस वर्षं पूर्ण झाली. रौप्यमहोत्सव समितीने गावाचा उगम आणि आरंभीचा इतिहास लिहिण्याचं काम माझ्याकडे सोपवलं आहे. मी पर्डी, 'उल्मर तुतारी' या साप्ताहिकाचा संपादक. इथली प्रत्येक ऐतिहासिक घटना मी स्वतः पाहिलेली आहे, आणि जी पाहिली नाही ती स्वतः लिहिलेली आहे. (समितीला दिलेली प्रत वेगळी आहे. तिच्यात चित्रं आहेत.)

आमच्या मार्गावरच्या स्टेशनांना कंपनीच्या मुख्य इंजिनियरांनी इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने नावं दिली. त्यामुळे आपण कुठे आहोत हे प्रवाशाला कळलं नाही तरी किती अक्षरं सोसायची राहिली आहेत हे कळतं. 'टी' अक्षर शेजारच्या टॅमरॅकला गेलं. टॅमरॅक हे एका झाडाचं नाव आहे, आणि ते झाड टॅमरॅकपासून चारशे मैलांत कुठेही उगवत नाही. 'यू' आमच्या वाट्याला आलं. उल्मर म्हणजे कोण, असं आम्ही कंपनीला पत्राने विचारलं. 'सदर नाव यादीत आहे,' असं उत्तर आलं.

१८८० च्या जनगणनेत उल्मरची लोकसंख्या एकेचाळीस भरली. यात मोजणीच्या वेळी गाडीतून पाणी प्यायला उतरलेले नऊ जण धरलेले आहेत. बाकीच्यांत सर्वांत वजनदार माणूस म्हणजे लेम्युएल हॅस्केट. प्लॉट विकणं, प्लॉटवरचं भांडण मिटवणं आणि मिटलेलं भांडण पुन्हा उकरणं ही तिन्ही खाती त्यांच्याचकडे असल्यामुळे ते आपोआप महापौरही होते. दुसरा ओले टॉर्विक, नॉर्वेहून आलेला सुतार. हा माणूस दिवसाला साधारण अकरा शब्द बोलायचा आणि त्यातले सहा लाकडाला उद्देशून असायचे. तिसरा मी.

त्या वर्षीच्या मे महिन्यात कंपनीचं परिपत्रक आलं. उल्मरला तेव्हा गाडी फक्त झेंडा दाखवला तरच थांबायची, आणि ड्रायव्हरचं लक्ष असेल तरच झेंडा दिसायचा. परिपत्रकात म्हटलं होतं की, पूर्ण दर्जाचं स्टेशन, पाण्याची टाकी आणि कायमचा स्टेशनमास्तर केवळ 'कायम वस्ती'लाच मिळेल. कायम वस्तीचा पुरावा म्हणून चर्च, शाळा किंवा स्मशान यांपैकी एक असणं आवश्यक. तपासणी अधिकारी दहा जूनला येतील.

हॅस्केटसाहेबांनी सभा बोलावली. चर्चला पाद्री लागतो आणि पाद्री जेवतो. शाळेला मुलं लागतात, आणि गावातली शाळेच्या वयाची तिन्ही मुलं एकाच घरातली व एकमेकांशी अबोला धरलेली होती. स्मशानाला फक्त एक माणूस लागतो आणि त्याचं पुढे काही करावं लागत नाही. तेव्हा सभेने सर्वानुमते स्मशानाच्या बाजूने कौल दिला.

अडचण अशी की, उल्मरमध्ये कोणी मेलेलं नव्हतं. हवा फार चांगली होती. जे आजारी पडत ते गाडीने टॅमरॅकला डॉक्टरकडे जात आणि डॉक्टरच्या हातून तिथेच मरत. टॅमरॅकच्या स्मशानात सहा कबरी होत्या आणि त्यातल्या तीन हक्काने आमच्या होत्या. ती माणसं परत मागावीत असा एक ठराव आला होता, पण टॅमरॅकवाले म्हणाले, "माणसं तुमची असतील, खड्डे आमचे आहेत."

मग आमचं लक्ष ओबेद प्रुइटकडे गेलं. वय एकाहत्तर, खोकला जुना. सबंध गाव रोज सकाळी त्याच्या तब्येतीची चौकशी करू लागलं. कोणी रस्सा आणून द्यायचं, कोणी पांघरूण. हॅस्केटसाहेब जातीने नाडी पाहायचे आणि जरा निराश होऊन परतायचे. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी विचारपूस केल्यामुळे म्हाताऱ्याने असं काही अंग धरलं की, पाचव्या दिवशी तो अंगणात लाकडं फोडताना दिसला.

"ह्याला आता कोण मारणार," हॅस्केटसाहेब म्हणाले. हे ते इतक्या दुःखाने म्हणाले की, मला क्षणभर त्यांची काळजी वाटली.

एकतीस मे रोजी हॅस्केटसाहेब, टॉर्विक आणि मी अशा तिघांची उपसमिती नेमण्यात आली, आणि नऊ जून रोजी उल्मरचे संस्थापक कर्नल झेनास स्ट्राउड यांचं निधन झालं.

स्ट्राउड हे आडनाव टॉर्विकमुळे मिळालं. झाड नसलेल्या मुलखात शवपेटीला फळ्या कुठून आणणार? त्याने फावड्यांचं एक रिकामं खोकं फोडलं, आणि त्याच्या एका फळीवर ते नाव छापलेलं होतं. झेनास हे हॅस्केटसाहेबांच्या काकांचं नाव, वापरात नसलेलं. कर्नलपद मी दिलं. पेटीत हॅस्केटसाहेबांच्या स्वयंपाकघरातली तडकलेली बिडाची शेगडी ठेवली. सहा जणांना पेटी उचलता येईना, तेव्हा माणूस किती भारदस्त होता याबद्दल कोणाच्याही मनात शंका उरली नाही.

मृत्युलेख मी लिहिला. दीड रकाना. कर्नलनी एकट्याने ही भूमी शोधली, एकट्याने इथे पहिला हिवाळा काढला, वादळ त्यांना पाहून बाजूने जायचं, आणि त्यांचे अखेरचे शब्द होते, 'इथे स्टेशन होऊ द्या.' दफनाच्या वेळी टॉर्विकला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो पेटीकडे पाहून म्हणाला, "माणूस त्रास देणारा नव्हता."

दुसऱ्या दिवशी तपासणी अधिकारी डनलीव्ही आले. कबरीपाशी टोपी काढून उभे राहिले, वहीत 'स्मशान: एक' असं लिहिलं, आणि विचारलं, "आणखी काही अपेक्षित आहेत का?"

"प्रयत्न चालू आहेत," हॅस्केटसाहेब म्हणाले.

ऑगस्टमध्ये आम्हाला पूर्ण दर्जाचं स्टेशन मिळालं.

इथे थांबले असते तर हॅस्केटसाहेब मोठे झाले असते. पण सरकारी कायद्याने एका माणसाला एकशे साठ एकरच जमीन मिळते, आणि स्वतःच्या वाटणीची त्यांनी आधीच घेतलेली होती. स्टेशनला लागून तेवढाच एक उत्तम तुकडा मोकळा होता. तेव्हा कर्नलनी तो हयातीतच घेतला होता असे कागद निघाले. (कर्नलची सही माझ्या स्वतःच्या सहीपेक्षा बरी आली होती.) संस्थापकाचे वारस सापडेपर्यंत जमिनीचे विश्वस्त म्हणून हॅस्केटसाहेब राहिले, आणि विश्वास दृढ व्हावा म्हणून त्यांनी त्याच जमिनीवर स्वतःचं दुमजली घर बांधलं. वारसांनी पुढे यावं अशी जाहिरात 'तुतारी'त, पुन्हा छापलेल्या मृत्युलेखाखाली, बारीक टायपात टाकली. जाहिरात देणं कायद्याने भाग होतं. ती कोणी वाचावी असं कायद्यात कुठे नव्हतं.

१८८२ च्या एप्रिलात दुपारच्या गाडीतून एक बाई उतरली. काळा झगा, काळी टोपी, एक पत्र्याची ट्रंक. वय पन्नासच्या आतबाहेर. तिने स्टेशनमास्तरला विचारलं, "कर्नल स्ट्राउडना कुठे ठेवलंय? मी त्यांची बायको. फिलेना."

स्टेशनमास्तर तिला घेऊन हॅस्केटसाहेबांच्या कचेरीत आला. तिथे टॉर्विक खिडकीची चौकट बसवत होता आणि मी जाहिरात मागायला गेलो होतो. म्हणजे उपसमितीचा कोरम पूर्ण होता.

बाईने पर्समधून एक कात्रण काढलं. ओहायोच्या एका वर्तमानपत्राने माझा मृत्युलेख जसाच्या तसा उचलला होता, खाली जाहिरातीसकट. माझं लिखाण राज्याबाहेर छापून आलं ते त्या एकदाच.

"बाई," हॅस्केटसाहेब सावरून म्हणाले, "तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पण कर्नलनी आम्हाला कधी बायकोबद्दल सांगितलं नाही."

"मला तरी कुठे सांगितलं तुमच्याबद्दल," बाई म्हणाली. "शेवटी खरंच ते स्टेशनबद्दल बोलले?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"असंच बोलायचे ते. घरात मरण्यासारखं दुखत असलं तरी दुसऱ्याचंच बोलणं."

हॅस्केटसाहेबांनी डोळे बारीक केले. "बरं, बाई. कर्नलच्या गालावर एक व्रण होता. कोणत्या गालावर, ते सांगाल?"

"माझ्याकडून निघाले तेव्हा दोन्ही गाल कोरे होते. तुमच्याकडे आल्यावर झाला असेल तर तो कोणी केला, ते तुम्हीच सांगा."

टॉर्विकने हातोडी खाली ठेवली.

"हे पाहा," हॅस्केटसाहेबांचा आवाज चढला, "अशी कोणीही बाई उठून येईल. वेळ पडली तर आम्ही कबर उघडून ओळख पटवू शकतो."

"उघडा ना. मला एकदा तोंड बघू द्या त्यांचं. त्यासाठीच एवढ्या लांब आले."

तेव्हा टॉर्विकने आपले त्या दिवशीचे सगळे शब्द एकदम खर्च केले. "खिळे मी मारलेत. काढायचे तर मीच काढीन. लिहून द्या, हॅस्केटसाहेब, तुमच्या सहीने."

हॅस्केटसाहेबांनी लिहून दिलं नाही. खोट्या नावाने जमीन नोंदवण्याबद्दल काय शिक्षा होते हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणालाच पाठ नव्हतं. मृतांच्या शांततेचा भंग करणं उल्मरच्या परंपरेत बसत नाही, असं ते म्हणाले. परंपरेला दोन वर्षं होत आली होती.

त्याच आठवड्यात गावसभेने ठराव केला की, श्रीमती फिलेना स्ट्राउड या संस्थापकांच्या कायदेशीर पत्नी असून त्यांच्या आगमनाने गावाला अतीव आनंद झाला आहे. सूचक हॅस्केट. अनुमोदन द्यायला सगळी सभा उभी राहिली, कारण हॅस्केटना असं बोलताना बसून पाहणं अवघड होतं.

अशा रीतीने स्टेशनलगतची एकशे साठ एकर बाईंना मिळाली आणि तिच्यावरच्या दुमजली घरात हॅस्केट कुटुंब बाईंच्या मर्जीने राहू लागलं. बाईंनी भाडं मागितलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचा त्यांच्यावर एवढा जीव होता, तर दर रविवारी कबरीवर फुलं तुम्हीच ठेवत जा." मग महापौर दर रविवारी, नऊ महिने फुलांनी आणि उरलेले तीन महिने वाळक्या गवताच्या जुडीने, स्वतःच्या शेगडीला मानवंदना देऊ लागले. परगावच्या लोकांना हे दृश्य फार हृद्य वाटे.

बाईही रोज तिथे जायच्या. कबरीच्या उशाला त्यांनी लायलॅकचं रोप लावलं होतं, आणि पाव मैलावरून बादलीने पाणी आणून त्याला घालायच्या. एका दुपारी मी बादली धरायला गेलो. मनात काय आलं कोण जाणे, मी विचारून टाकलं.

"बाई, इथे कोणी नाहीये, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"वाचलं तेव्हाच कळलं."

"कशावरून?"

"पर्डी, दीड रकाना लिहिलात तुम्ही आणि एक खोड नाही त्या माणसाला. असा नवरा कुठे असतो होय?" त्यांनी बादली उलटी करून तिच्यावर बसकण मारली. "माझा वॉरन रूळ टाकणाऱ्यांच्या टोळीत गेला, सत्तर साली. दोन पत्रं आली. मग काही नाही. अकरा वर्षं मी कंपन्यांना लिहीत होते. नोंद आढळत नाही, असं उत्तर यायचं. एकदा तर छापील आलं, फक्त नावाची जागा मोकळी. शेजारणी विचारायच्या, अजून वाट बघतेस का गं? काय सांगू? तुमच्याकडे माणसाविना कबर होती. माझ्याकडे कबरीविना माणूस होता."

यातलं काहीही मी वहीत टिपून घेतलं नाही. संपादकाच्या आयुष्यात असे प्रसंग कमी येतात.

१८८५ च्या हिवाळ्यात घटसर्पाची साथ आली. बर्फाने गाड्या बंद होत्या, त्यामुळे टॅमरॅकला कोणी जाऊ शकलं नाही. चांगल्या हवेबद्दलची आमची आकडेवारी तीन आठवड्यांत रद्द झाली. पहिली गेली ती टॉर्विकची इंगा, सहा वर्षांची. गावाने स्मशानाचा पुरावा म्हणून एक जागा कुंपण घालून राखली होती, पण तिथे खरोखर कोणाला न्यायचं हे कोणालाच सुचेना. टॉर्विक पेटी घेऊन आपल्या दारात उभा होता. त्याची बायको आत होती, तिचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

बाई त्याच्याकडे गेल्या. "लायलॅकशेजारी ठेवू या तिला," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी राखलेली जागा आहे. मला काय, पलीकडेही चालेल."

जमीन दगडासारखी गोठली होती. हॅस्केटसाहेबांनी स्वतः पहार मारली. या माणसाबद्दल मी पुष्कळ लिहिलं आहे आणि पुढेही लिहीन, पण त्या दिवशी त्यांच्या दोन्ही तळव्यांना रक्त आलं होतं, हेही लिहिलं पाहिजे. माती लोटून झाल्यावर टॉर्विक बायकोला म्हणाला, "एकटी नाही गं ती. कर्नल आहेत ना शेजारी."

त्याने पेटीत ती शेगडी स्वतःच्या हातांनी ठेवली होती. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

त्या हिवाळ्यात सात कबरी झाल्या. वसंतात कंपनीचं पत्र आलं की, उल्मरच्या स्मशानाची प्रगती समाधानकारक आहे.

पुढचं सगळं सुरळीत झालं. बाईंनी शाळेला जमीन दिली, चर्चला दिली, आणि गावसभेत त्यांचा शब्द शेवटचा ठरू लागला. कोणताही वाद निघाला की त्या म्हणायच्या, "कर्नलना हे आवडलं नसतं," आणि वाद मिटायचा. कारण कर्नलना काय आवडतं हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक असायला हवं होतं ते तिघे गप्प होते. १८९७ साली बाई वारल्या. त्यांना लायलॅकच्या पलीकडे ठेवलं. उल्मरच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी अंत्ययात्रा. हॅस्केटसाहेब सगळ्यांदेखत रडले, आणि घर आता कोणाच्या नावावर आहे हे त्यांनी चक्क तिसऱ्या दिवसापर्यंत विचारलं नाही. (ते शाळेच्या नावावर आहे.)

गेल्या महिन्यात, महोत्सवाची जाहिरात वाचून, एलाय क्रँडल नावाचे एक म्हातारे गृहस्थ ओहायोहून आले. बाईंचे धाकटे भाऊ. समितीने त्यांना मानाच्या खुर्चीत बसवलं, कॉफी दिली, आणि बाईंच्या वैवाहिक आयुष्यातल्या आठवणी सांगायची विनंती केली.

"कसलं वैवाहिक?" ते म्हणाले. "फिलेनाचं लग्नच झालं नव्हतं. तीस वर्षं आईचं केलं तिने. आई गेली, मग आम्ही भावांनी घर विकलं. तिने आमच्यापैकी कोणाकडे तरी राहावं असं ठरलं होतं. कोणाकडे, ते ठरत नव्हतं. एक दिवस पेपर वाचता वाचता उठली आणि ट्रंक भरायला लागली."

"आणि वॉरन?" मी विचारलं.

"कोण वॉरन?"

समितीने हा प्रश्न गांभीर्याने घेतला. अध्यक्षांनी क्रँडलसाहेबांना विचारलं की, आपल्या बहिणीचं लग्न झालं नव्हतं याचा काही लेखी पुरावा आपल्याजवळ आहे काय? तो नव्हता. न झालेल्या लग्नाचा दाखला कोणत्याच कचेरीत मिळत नाही. तेव्हा क्रँडलसाहेबांचा वयोमानाने गैरसमज झाला आहे असा ठराव सर्वानुमते मंजूर होऊन त्यांना संध्याकाळच्या गाडीत सन्मानाने बसवून देण्यात आलं. जाताना ते बहिणीच्या कबरीपाशी थांबले होते. तिने आईसाठी घालवलेल्या तीस वर्षांबद्दल जे बोलायचं राहिलं होतं ते तिथे बोलले असतील. मी लांब उभा होतो, मला ऐकू आलं नाही.

वाचकहो, कर्नल खोटे आहेत हे कळल्यावर तुम्ही मनमोकळे हसलात. बाई बादलीवर बसून वॉरनबद्दल बोलल्या तेव्हा मात्र हसला नाहीत. तुम्ही त्यांचं सगळं खरं मानलंत. पुरावा दोघांचाही सारखाच होता: मी सांगितलं, एवढाच. आणि आत्ता हा भाऊ आल्याबरोबर, तो कोण, कुठला, त्याच्याजवळ कागद काय, हे काहीही न विचारता तुम्ही त्याचंही खरं धरून बसलात. उल्मर उभं राहिलं ते अशाच माणसांवर. स्टेशनच्या उत्तरेला काही चांगले प्लॉट अजून शिल्लक आहेत. आपण अवश्य यावं.